चकत्यांचा संच नव्या संगणकात

सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी कोठे साठवलेली असते, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी 'कारागिराच्या डोक्यात' असे उत्तर देतील. प्रत्यक्षात ती साठवलेली असते जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत. एक पुठ्ठा म्हणजे एका आडव्या धाग्याचा हुकूम. जेथे भोक आहे तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि वरची पट्टी त्याला व त्याच्याबरोबर उभ्या धाग्याला उचलते. जेथे भोक नाही तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. असे शेकडो पुठ्ठे दोरीने ओवून माळ केली की नक्षी तयार. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४ मध्ये या यंत्राचे एकस्व घेतले. पुढे १८३९ मध्ये त्यांचेच एक रेशमी चित्र या पद्धतीने विणले गेले, तेव्हा त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते.

आता समजा माग जुना झाला आणि पुठ्ठ्यांची माळ दुसऱ्या मागावर चढवायची आहे. माळ शाबूत आहे, एकही पुठ्ठा फाटलेला नाही. तरीही नक्षी उतरेलच असे नाही. नव्या जॅकार्डमध्ये आकड्यांची संख्या तेवढीच हवी, भोकांमधील अंतर तेच हवे, पुठ्ठ्यांचा क्रम तोच हवा आणि माळ उलटी चढलेली नसावी. यांतील एक गोष्ट जरी चुकली तरी पुठ्ठ्यांवरचे एकही भोक न बदलता मोराची राखरांगोळी होते. माहिती असणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे, हा या उदाहरणाचा धडा आहे.

नेमका हाच प्रश्न आज अनेक शाळा-महाविद्यालयांपुढे वेगळ्या रूपात उभा राहतो. कार्यालयातील संगणक जुना होतो, त्याची कार्यप्रणाली जुनी होते, परंतु त्यात एकत्र बसवलेल्या तीन-चार हार्ड डिस्क म्हणजे चकत्या मात्र चांगल्या असतात. त्या चकत्यांवर जनरल रजिस्टरच्या नोंदी, जन्मतारखा, गुणपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे असतात. पस्तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेचीच पायरी चढतो. त्यामुळे चकत्यांचा हा संच नव्या यंत्रात नेताना काय घडते हे शिक्षकांनी समजून घेणे आवश्यक आहे. हे काम बाहेरच्या तंत्रज्ञाने केले, तरी त्याला कोणते प्रश्न विचारायचे हे आपल्याला माहीत हवे.

एकाऐवजी अनेक चकत्या का?

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या मोठ्या यंत्रात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. पुढे तीस वर्षांत चकत्या लहान व स्वस्त झाल्या. तेव्हा अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एक निबंध सादर केला. एका महागड्या मोठ्या चकतीऐवजी अनेक लहान, स्वस्त चकत्या एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक चकत्या एकाच वेळी वाचता येत असल्याने वेग वाढतो. पण त्याबरोबर एक अडचणही येते. चकत्यांची संख्या वाढली की त्यांतील एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून थोडी जास्तीची माहिती साठवायची, म्हणजे एक चकती गेली तरी काम चालू राहील. या योजनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'रेड' हे नाव पडले. या लेखात आपण त्याला 'चकती-संच' म्हणू.

रेडचे अनेक प्रकार आहेत. दोन चकत्यांवर तंतोतंत तेच लिहिणे हा सर्वांत सोपा प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात माहितीचे तुकडे करून ते पत्ते वाटावेत तसे चकत्यांवर वाटतात आणि प्रत्येक वाटणीबरोबर एक 'समता' तुकडा लिहितात. समतेचे गणित इतके सुंदर आहे की ते आठवी-नववीच्या वर्गातही सांगता येते.

हरवलेला आकडा परत कसा मिळतो?

समजा तीन चकत्यांवर १३, ६ आणि ९ या संख्या लिहायच्या आहेत. त्या द्विमान पद्धतीत लिहू.

पहिली चकती: ११०१
दुसरी चकती: ०११०
तिसरी चकती: १००१

आता प्रत्येक उभ्या स्तंभातील १ मोजा. ते विषम असतील तर खाली १ लिहा, सम असतील तर ० लिहा. पहिल्या स्तंभात दोन एक आहेत, म्हणून ०. दुसऱ्यातही दोन, म्हणून ०. तिसऱ्यात एकच आहे, म्हणून १. चौथ्यात दोन, म्हणून ०. उत्तर आले ००१०, म्हणजे २. हा समता तुकडा चौथ्या चकतीवर लिहिला.

काही दिवसांनी दुसरी चकती बंद पडली. उरले ११०१, १००१ आणि ००१०. हाच नियम पुन्हा लावा. पहिल्या स्तंभात दोन एक, म्हणून ०. दुसऱ्यात एक, म्हणून १. तिसऱ्यात एक, म्हणून १. चौथ्यात दोन, म्हणून ०. उत्तर ०११०, म्हणजेच ६. हरवलेली संख्या परत मिळाली! कोणतीही एक चकती झाकून पाहा, हेच घडेल. कारण चारही ओळी मिळून प्रत्येक स्तंभात एकांची संख्या नेहमी समच असते. एक ओळ झाकली तर तिच्यात काय असले पाहिजे हे उरलेल्या तिघी सांगतात. दोन ओळी झाकल्या तर मात्र काही सांगता येत नाही.

प्रत्यक्षात समतेचे तुकडे एकाच चकतीवर ठेवत नाहीत. कारण प्रत्येक लेखनाच्या वेळी समता बदलावी लागते आणि त्या एका चकतीवर सगळा ताण पडतो. म्हणून समतेची जागा ओळीगणिक पुढे सरकत राहते. रेड-५ म्हणतात तो हा प्रकार.

चार गोष्टी माहीत हव्यात

आता चकत्या एका यंत्रातून काढून दुसऱ्यात बसवू. संचाचा अर्थ लागण्यासाठी नव्या यंत्राला किमान चार गोष्टी कळाव्या लागतात: चकत्यांचा क्रम, तुकड्याचा आकार, समता कोणत्या दिशेने सरकते तो प्रकार आणि प्रत्येक चकतीवर माहिती नेमकी कोठून सुरू होते ती जागा.

या गोष्टींचे महत्त्व पाहण्यासाठी समता क्षणभर बाजूला ठेवू. एका पुस्तकाची १ ते ९ ही पाने क, ख, ग या तीन चकत्यांवर वाटली आहेत. क वर १, ४, ७. ख वर २, ५, ८. आणि ग वर ३, ६, ९ ही पाने आहेत. नव्या यंत्राने क्रम ख, क, ग असा धरला तर पुस्तक २, १, ३, ५, ४, ६, ८, ७, ९ असे वाचले जाईल. क्रम बरोबर धरला, पण एक तुकडा म्हणजे दोन पाने असे समजले तर वाचन १, ४, २, ५, ३, ६, ७, ८, ९ असे होईल. प्रत्येक पान शाबूत आहे, एकही अक्षर पुसलेले नाही, तरी पुस्तक वाचता येत नाही. येथे जॅकार्डच्या पुठ्ठ्यांची आठवण व्हावी.

यात एक खोच आहे. अशा चुकीच्या क्रमानेही छोट्या फाईली कधी कधी नीट उघडतात, कारण त्या एका तुकड्यातच मावलेल्या असतात. मोठी छायाचित्रे मात्र अर्धीच दिसतात. त्यामुळे दोन-चार फाईली उघडल्या म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजणे धोक्याचे असते.

ही माहिती लिहिलेली असते कोठे?

या प्रश्नाच्या उत्तरावर स्थलांतर सोपे की अवघड हे ठरते. संच सांभाळण्याच्या दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीत संगणकात एक वेगळे नियंत्रक कार्ड असते. चकत्या त्या कार्डाला जोडलेल्या असतात आणि संगणकाला केवळ एकच मोठी चकती दिसते. वाटणीचा तपशील कार्ड आपल्या पद्धतीने लिहून ठेवते. ही पद्धत कारखान्यागणिक वेगळी असते. यासाठी एक सामाईक नमुना तयार झाला आहे, परंतु सर्वच कार्डे तो पाळतात असे नाही. म्हणून जुने कार्ड जळाले आणि तसेच दुसरे मिळाले नाही, तर सर्व चकत्या चांगल्या असूनही संच उघडत नाही. अशा वेळी चकत्यांइतकेच कार्डही मौल्यवान ठरते आणि स्थलांतरात तेही बरोबर न्यावे लागते.

दुसऱ्या रीतीत वेगळे कार्ड नसते. संचाचे काम कार्यप्रणालीच करते. लिनक्समध्ये हे काम करणारा 'एमडी' नावाचा भाग आहे. तो प्रत्येक चकतीवर एक छोटी शीर्षनोंद लिहितो. या नोंदीत संचाचा ओळखक्रमांक, चकत्यांची एकूण संख्या, या चकतीचा त्यातील क्रमांक, तुकड्याचा आकार आणि समतेचा प्रकार असतो. म्हणजे प्रत्येक चकती आपली जन्मपत्रिका बरोबर घेऊनच फिरते. अशा चकत्या नव्या यंत्रात कोणत्याही खोबणीत बसवल्या तरी चालते, कारण क्रम खोबणीवरून ठरत नाही, शीर्षनोंदीवरून ठरतो. मात्र जुन्या यंत्रात कोणी 'पहिली चकती', 'दुसरी चकती' अशा नावांनी आज्ञा लिहून ठेवल्या असतील तर त्या नव्या यंत्रात चुकतात. कारण ही नावे संगणक सुरू होताना चकत्या ज्या क्रमाने सापडतात त्यावरून पडतात. म्हणून आज्ञांमध्ये नेहमी ओळखक्रमांक वापरावा. हजेरी बाकाच्या क्रमाने न घेता नावाने घ्यावी, तसेच हे आहे.

शीर्षनोंदीत आणखी एक उपयुक्त आकडा असतो. संचात बदल होत जातात तसा तो वाढत जातो. एखादी चकती सहा महिन्यांपूर्वी संचातून गळली असेल आणि कोणाच्या लक्षात आले नसेल, तर तिच्यावरील हा आकडा इतरांपेक्षा मागे राहिलेला असतो. तो पाहिला की ती चकती शिळी आहे हे कळते. असा आकडा न पाहता तिला जबरदस्तीने संचात सामील केले तर सहा महिन्यांपूर्वीच्या आणि आजच्या नोंदींची खिचडी होते.

यंत्र बदलले, कार्यप्रणाली बदलली

यंत्राचा प्रकारच बदलला तर आणखी एक प्रश्न येतो. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त ऐकणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कोणती रीत चालू आहे हे ठाऊक हवे. संगणकांतही असेच आहे. मोठी संख्या दोन बाईटांत लिहायची असेल तर काही यंत्रे मोठा भाग आधी लिहितात, काही लहान भाग आधी. २५८ ही संख्या म्हणजे १ गुणिले २५६ अधिक २. मोठा भाग आधी लिहिणारे यंत्र ती १, २ अशी लिहिते. लहान भाग आधी वाचणारे यंत्र तेच बाईट वाचून २ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ५१३ असा अर्थ लावते. लिनक्सच्या एमडीतील शीर्षनोंदीचा जुना नमुना ज्या यंत्रावर संच बनला त्याच यंत्राच्या रीतीने लिहिला जाई. त्यामुळे वेगळ्या रीतीच्या यंत्रात संच ओळखला जात नसे. नंतरच्या नमुन्यात एकच रीत ठरवून दिली आणि ही अडचण दूर झाली.

संच ओळखला गेला, तरी ती केवळ पहिली पायरी. संचावर फाईल व्यवस्था असते. कोणती फाईल कोठे सुरू होते, तिचे नाव काय, ती कोणाच्या मालकीची, या नोंदींची ती वही. विंडोजची वही लिनक्सला बऱ्याच अंशी वाचता येते. लिनक्सची वही विंडोजला एरवी वाचता येत नाही. अशा वेळी विंडोज 'ही चकती तयार केलेली नाही, तयार करू का?' असे नम्रपणे विचारते. बहुतेक अपघात याच क्षणी होतात. 'होय' म्हटले की चकतीच्या सुरुवातीस नवी नोंद लिहिली जाते. म्हणून नियम असा: चकतीवर काही लिहिण्याची परवानगी मागणाऱ्या प्रश्नाला, आतले सर्व वाचून होईपर्यंत, 'नाही' हेच उत्तर द्यावे. लिनक्समध्येही 'संच जुळव' आणि 'संच निर्माण कर' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली आज्ञा असलेल्या नोंदी वाचते, दुसरी नव्या नोंदी लिहिते.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार होऊन २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस ही व्यवस्था स्थलांतराचा विचार आधीच करून बनवलेली आहे. तिच्यात संच आणि फाईल व्यवस्था एकच असतात. जुन्या यंत्रात 'निर्यात' अशी आज्ञा दिली की संच व्यवस्थित मिटतो; नव्या यंत्रात 'आयात' म्हटले की तो उघडतो. संख्या कोणत्या रीतीने लिहिल्या आहेत ही खूणही ती माहितीबरोबर ठेवते, म्हणून दोन्ही प्रकारच्या यंत्रांना ती वाचता येते. मात्र नव्या कार्यप्रणालीने संचाची आवृत्ती वाढवण्याचा सल्ला दिला तर घाई करू नये. आवृत्ती वाढवल्यावर जुन्या यंत्राला तो संच उघडता येईलच याची खात्री राहत नाही.

रेल्वे आरक्षणाचा दाखला

मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातील एखाद्या आरक्षण खिडकीवर आपण अर्ज सरकवतो तेव्हा अशाच स्थलांतरांतून गेलेली एक प्रणाली आपल्याला तिकीट देत असते. रेल्वेच्या संगणकीय कामासाठी 'क्रिस' ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील पाच आरक्षण केंद्रे १९९९ मध्ये एकमेकांशी जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीवरून कोठलेही तिकीट मिळू लागले. ही आरक्षण प्रणाली व्हीएमएस या कार्यप्रणालीवर उभी राहिली. सुरुवातीला ती व्हॅक्स या यंत्रांवर चाले; पुढे अल्फा आणि त्यानंतर आयटेनियम या अगदी वेगळ्या बनावटीच्या यंत्रांवर ती नेण्यात आली.

हे शक्य होण्यामागचे एक कारण येथे सांगण्याजोगे आहे. व्हीएमएसच्या निर्मात्यांनी यंत्र बदलले, पण चकतीवरील मांडणीचा नमुना कायम ठेवला. व्हॅक्सवर लिहिलेली चकती अल्फाला वाचता येई; इतकेच नव्हे, तर दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच समूहात जोडून त्यांना तीच चकती वापरता येई. तरीही एक फरक उरलाच. अपूर्णांक लिहिण्याची व्हॅक्सची स्वतःची रीत होती. आयटेनियमच्या यंत्राला ती मुळात येत नव्हती. म्हणून तसे जुने आकडे आज्ञावलीच्या साहाय्याने रूपांतरित करावे लागत. चकती वाचता येणे, फाईल उघडता येणे आणि फाईलमधील आकड्याचा अर्थ लागणे, या तीन स्वतंत्र पायऱ्या आहेत.

मराठी मजकुराची विशेष अडचण

तिसऱ्या पायरीवर मराठी शाळांची खरी कसोटी लागते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्राद्वारे संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे मोठे काम केले. जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यात देवनागरी होती. पण युनिकोड सर्वसामान्य संगणकांत रुळायला बराच काळ गेला. मधल्या वर्षांत शाळांतील पत्रे, अहवाल, प्रश्नपत्रिका हे सर्व निरनिराळ्या टंकांत लिहिले गेले. या टंकांची युक्ती अशी होती की संगणकाला रोमन अक्षरेच दिली जात, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवले जात. कृतिदेव टंकात 'कमल' लिहिले तर फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन डी, ई आणि वाय ही तीन अक्षरे साठतात.

आता चकती-संच बिनचूक हलवला, सर्व फाईली उघडल्या, पण नव्या कार्यप्रणालीत तो टंक बसवलेला नाही. मग पडद्यावर 'कमल'च्या जागी ती तीन रोमन अक्षरे दिसतात. माहिती शंभर टक्के शाबूत आहे आणि शंभर टक्के निरुपयोगी आहे. उपाय दोन. जुन्या यंत्रातील टंकांच्या फाईली आठवणीने बरोबर न्याव्यात, आणि सवडीने सर्व महत्त्वाचा मजकूर रूपांतर करून युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात, कारण यांत्रिक रूपांतराच्या चुका तेथेच सर्वाधिक होतात. विद्यार्थ्यांच्या नावांच्या बाबतीत तर हे टाळताच येणार नाही.

प्रत्यक्ष स्थलांतर

कामाचा क्रम असा ठेवावा.

पहिले, चकत्यांना हात लावण्यापूर्वी सर्व माहितीची स्वतंत्र प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. दुसरे, जुन्या यंत्रातच संचाची तपासणी करून सर्व चकत्या हजर व निरोगी आहेत याची खात्री करावी. आजारी संच घेऊन प्रवासाला निघू नये. तिसरे, प्रत्येक फाईलचा तपासणी-आकडा काढून यादी जपून ठेवावी. तपासणी-आकडा म्हणजे फाईलमधील सर्व बाईटांवरून गणिताने काढलेली खूण. एक बिट जरी बदलला तरी ती बदलते. चौथे, क्रम, तुकड्याचा आकार, समतेचा प्रकार, कार्यप्रणालीची आवृत्ती हे सर्व कागदावर लिहावे. होय, कागदावरच, ज्या चकत्या उघडत नाहीत त्यांवरच ही टिपणे असली तर त्यांचा उपयोग काय? पाचवे, संगणक रीतसर बंद करून प्रत्येक चकतीवर चिठ्ठी चिकटवावी: खोबणी क्रमांक आणि चकतीवर छापलेला अनुक्रमांक.

नव्या यंत्रात कार्यप्रणाली वेगळ्या चकतीवर बसवावी आणि त्या वेळी संचाच्या चकत्या जोडलेल्याच नसाव्यात. म्हणजे बसवताना चुकीची चकती पुसली जाण्याचा धोका मुळातच उरत नाही. नंतर यंत्र बंद करून संच जोडावा आणि पहिल्यांदा तो 'केवळ वाचन' या पद्धतीने उघडावा. तपासणी-आकड्यांची यादी पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडून पाहावी. दोन्ही याद्या जुळल्या की मगच लेखनाची परवानगी द्यावी. जुने यंत्र महिनाभर तरी मोडीत काढू नये.

सोलापूरच्या हवामानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि चकत्या एकमेकींना खेटून बसवल्या तर आतील तापमान त्याहून बरेच वाढते. पंख्यांची जाळी साफ असावी आणि वीज गेली तरी काम अर्धवट तुटू नये यासाठी यूपीएस असावा. शक्य असल्यास हे काम मे महिन्यात काढू नये.

समता म्हणजे दुसरी प्रत नव्हे

'संचात एक चकती गेली तरी चालते, मग वेगळी प्रत कशाला?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. थोडे गणित करू. ४ टेराबाईटच्या चार चकत्यांचा रेड-५ संच आहे. एक गेली. नवी बसवून ती भरायची तर उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतील. सेकंदाला १५० मेगाबाईट या वेगाने ४ टेराबाईट वाचायला सुमारे २६,७०० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसात तास लागतात. या काळात तिन्ही जुन्या चकत्या अखंड राबतात, आणि त्या बहुधा बिघडलेल्या चकतीच्याच वयाच्या असतात.

आणखी पाहा. अनेक साध्या चकत्यांची उत्पादकाने दिलेली मर्यादा अशी असते की १०० लाख कोटी बिटांच्या वाचनात फार तर एक न वाचता येणारी जागा येईल. हे झाले साडेबारा टेराबाईट. आपल्याला वाचायचे आहेत १२ टेराबाईट! प्रत्यक्षात चकत्या पुष्कळदा या मर्यादेपेक्षा चांगल्या वागतात, पण मर्यादेच्या इतक्या काठावर जनरल रजिस्टर ठेवणे शहाणपणाचे नाही. म्हणून मोठ्या संचांत दोन चकत्या गेल्या तरी चालेल अशी दुहेरी समता वापरतात.

शिवाय समतेला चोरी, आग, विजेचा लोळ किंवा चुकून दाबलेली पुसण्याची कळ यांवर इलाज नाही. फाईल पुसली तर समताही तत्परतेने नव्या, पुसलेल्या स्थितीची नोंद करते. एखादी चकती बिघडल्याचे न सांगता गुपचूप चुकीचा आकडा देत असेल, तर समता फक्त 'कोठेतरी चूक आहे' एवढेच म्हणते. चूक कोणाची हे तिला सांगता येत नाही. ते तपासणी-आकड्यावरूनच कळते. म्हणून संच हा काम अखंड चालू राहावे यासाठी आहे आणि माहिती वाचवण्यासाठी वेगळी प्रत, शक्यतो वेगळ्या इमारतीत, हवीच.

वर्गात करून पाहा

चार विद्यार्थ्यांना चार चकत्या समजा. पहिल्या तिघांनी प्रत्येकी आठ चौकोनांची पट्टी घेऊन हवे ते चौकोन काळे करावेत. चौथ्याने तिन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवून, ज्या स्तंभात काळे चौकोन विषम असतील तेथे आपल्या पट्टीवर काळा चौकोन करावा. आता वर्गातील कोणीही एक पट्टी लपवावी आणि उरलेल्यांनी ती पुन्हा तयार करून दाखवावी. यानंतर चौथ्या विद्यार्थ्याची समता पट्टी न बदलता पहिल्याने गुपचूप एक चौकोन बदलावा आणि वर्गाला विचारावे: चूक झाली हे कळते का? कोणी केली हे कळते का?

शेवटी एक प्रश्न वरच्या वर्गासाठी. समता काढताना चकत्यांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. मग स्थलांतरात क्रमाला एवढे महत्त्व का? विद्यार्थ्यांना याचे उत्तर आपल्या शब्दांत लिहायला सांगा. ज्यांना ते नीट लिहिता येईल, त्यांना शाळेच्या संगणकातील नोंदी सांभाळण्याच्या कामात जरूर सामील करून घ्यावे.